मदत हवी आहे : उबेच्या जादूचा हिशेब जुळत नाही

कोरा कागद : कादंबरीचे अकरावे प्रकरण महिनाभर अडून बसले आहे. माझ्या जगातली जादू फुकटची नाही आणि तिची किंमत मी पहिल्याच प्रकरणात सांगून टाकली आहे. तरीही खर्डा वाचणारी मैत्रीण विचारते, की जी मुलगी अकराव्या प्रकरणात बर्फाने गच्च झालेला दरवाजा उघडते, ती तिसऱ्या प्रकरणात भाऊ गारठून मरत असताना हातावर हात ठेवून का बसली? तिसरे प्रकरण मी बदलणार नाही. उपाय शक्यतो आजच सुचवावा.

रात्रपाळी : किंमत वाचकांना सांगितलीत, आम्हाला नाही. ती कोणती आहे?

जुनी वही : किमतीची ही वाणसामानाची यादी मुळात हवीच कशाला? नियम उलगडून दाखवले की जादूचे यंत्र होते आणि वाचकाचे नवल संपते.

रात्रपाळी : ज्या जादूमुळे संकट ओढवते ती गूढ राहिली तरी चालते, पण जिच्या बळावर संकट टळते तिचे नियम वाचकाला आधीपासून ठाऊक नसतील, तर लेखकाने ऐन वेळी खिशातून किल्ली काढल्यासारखे वाटते.

तिसरी घंटा : मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी १८९०च्या 'द गोल्डन बाऊ' या ग्रंथात जादूविषयीच्या समजुतींचा ऊहापोह केला आहे. एकदा स्पर्शात आलेल्या वस्तू दुरावल्यावरही एकमेकींवर परिणाम करत राहतात, ही त्यांपैकीच एक समजूत. तिने तो दरवाजा पूर्वी हाताळला होता असे दाखवावे.

कोरा कागद : भावाला तर तिने कडेवर खेळवले आहे. या तत्त्वाने माझी अडचण दुप्पट होते.

नकाशेवाला : नकाशा काढला आहे का? नद्या उतारावर एकमेकींना मिळत जातात. त्यांना फाटे फुटतात ते बहुधा मुखाजवळ. नवे लेखक इथेच चुकतात.

कोरा कागद : नकाशाचा प्रश्नच नाही. आणि किंमत म्हणजे तिच्या अंगातली ऊब. शीर्षकात लिहिले आहे.

रात्रपाळी : मग आकडेच मांडू. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळवायला सुमारे ८० किलोकॅलरी लागतात, आणि साठ किलो वजनाच्या शरीराचे तापमान एका अंशाने उतरले तर जेमतेम ५० सुटतात. म्हणजे दीड किलो बर्फातच ती ३७ वरून ३५ अंशांच्या खाली जाईल आणि तिची बोटे वळेनाशी होतील. अख्खा दरवाजा तिला झेपणारच नाही. उलट भावाला दोन अंश ऊब देणे सहज परवडले असते. तुमची मैत्रीण बोलते त्याहून कोडे अवघड आहे.

जुनी वही : झाले ना यंत्र?

कोरा कागद : पण तिसऱ्या प्रकरणात ती स्वतःच नुकती नदीतून बाहेर आली आहे, केसांवर बर्फ धरला आहे. ते इथे लिहायचे राहिले.

रात्रपाळी : हे आधी सांगायचे होते! तिच्यापाशी द्यायला ऊबच उरलेली नाही. खर्ड्यात तिला कुडकुडताना दाखवले आहे का?

कोरा कागद : नाही. तिथे फक्त भाऊ कुडकुडतो.

रात्रपाळी : मग तिने भावाच्या छातीवर हात ठेवावा आणि तो हातच त्याला गार लागावा, एवढे एक वाक्य घाला, बाकी प्रकरण तसेच राहील. अकराव्यात सगळा दरवाजा सोडून फक्त कडीभोवतीचा पाव किलो बर्फ वितळवा, म्हणजे अर्ध्या अंशाहून कमी खर्चात भागेल.

कोरा कागद : कडी दारावर आहे हेही आधी कुठेतरी पेरावे लागेल. आज रात्रीच बसते.

नकाशेवाला : ती नदी कुठून उगम पावते, हे मात्र अजून कळले नाही.