‘पेशंटला ऑक्सिजन लावलाय’ एवढ्या निरोपावर भागतं का?

पांझराकाठ

रुग्णवाहिकेतल्या ईएमटीकडून, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या तंत्रज्ञाकडून, स्ट्रायडर, व्हीझ, गर्गलिंग हे श्वासाचे आवाज आणि रिट्रॅक्शन (श्वास घेताना छाती आत ओढली जाणं) ही यादी घोकून घेणं आता पुरे करा. पेशंट श्वास घेतोय का, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) किती आणि गाडी किती वेळात पोचेल, एवढं पुढच्या दवाखान्याला कळवलं की झालं. बाकी डॉक्टर बघतील. धडगावहून खाली येताना चांदसैलीच्या घाटात स्टेथोस्कोपमधून इंजिनाशिवाय काही ऐकू येत नाही. तरीही फॉर्मवर ‘छाती क्लिअर’ लिहिलेलं असतं. न ऐकलेलं लिहिण्यापेक्षा ती नावंच नकोत. फोनवर ‘पेशंट सिरीयस आहे, ऑक्सिजन लावलाय’ म्हणा आणि गाडी पळवा.

तापीकाठ

भाऊ, न ऐकलेलं लिहू नये हे शंभर टक्के मान्य. पण पुढचं वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो.

ही नावं म्हणजे निदान नव्हे. पुढे हात कुठे घालायचा, ते त्यावरून ठरतं. बेशुद्ध माणूस घोरतोय, म्हणजे जीभ मागे पडली आहे: कपाळ मागे, हनुवटी वर. अपघाताचा पेशंट असेल तर मान न हलवता जबडा पुढे ओढायचा. घशात गुळगुळ वाजतंय (गर्गलिंग), म्हणजे रक्त, उलटी किंवा लाळ साचली आहे: आधी सक्शन (नळीने ओढून काढणं), मगच अँबू (दाबून श्वास द्यायची पिशवी). उलट केलंत तर तीच घाण दाबून फुफ्फुसात जाते. श्वास आत घेताना कर्कश आवाज, म्हणजे स्ट्रायडर, वरचाच रस्ता अरुंद झालाय: घशात काही घालू नका, लहान मूल असेल तर आईच्या मांडीवरून काढू नका, रडवू नका. श्वास सोडताना शिट्टी, म्हणजे व्हीझ: बसवा, नेब्युलायझर लावा.

पहिल्या तिघांना स्टेथोस्कोप लागतच नाही, कान जवळ नेला की पुरे. व्हीझसाठी छाती ऐकायची ती गाडी हलण्याआधी, इंजिन बंद असताना, दोन्ही काखांत आणि पाठीवर. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणि ‘श्वास घेतोय का’ याचं उत्तर दर वेळी हो किंवा नाही येत नाही. हृदय बंद पडल्यावरही माणूस थांबून थांबून तोंड उघडतो, आचका देतो. नातेवाईक सांगतात ‘दम ली ऱ्हायना’ (श्वास घेतोय), आपणही ‘श्वास चालू’ कळवतो आणि छाती दाबणं लांबतं. त्याला गॅस्पिंगच म्हणायचं, आणि बेशुद्ध माणसात गॅस्पिंग दिसलं की श्वास नाही असं धरून तीस दाब, दोन श्वास सुरू करायचे.

गिरणाथडी

एवढं सगळं एका माणसाने कधी करायचं? मागे ईएमटी एकटा असतो. एका हाताने मास्क धरायचा, दुसऱ्याने अँबू दाबायची, वर फोनवर आवाजांचं वर्णन करायचं? ऑक्सिमीटर बोटाला लावा आणि आकडा वाचा. यंत्र आपल्यापेक्षा अचूक आहे.

अक्राणी

गिरणाथडीदादा, हाच भरवसा मण्यारीच्या दंशात जीव घेतो. मण्यार झोपेत चावते, दंशाची खूण कित्येकदा दिसत नाही, सूज जवळपास नसते. मग पापण्या जड होतात, बोलणं नाकात जातं, गिळता येत नाही, आणि श्वास उथळ होत जातो. ऑक्सिजन चालू असेल तर सॅच्युरेशन सत्त्याण्णवच दिसत राहतं, कारण कार्बन डायऑक्साइड साचतोय हे ऑक्सिमीटरला कळत नाही. आकडा खाली येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

अशा पेशंटला एक खोल श्वास घेऊन त्याच श्वासात आकडे मोजायला सांगा. निघताना पंचवीसपर्यंत गेला, तळोद्याजवळ बारावरच थांबला, तर अँबू हातात घ्या. दवाखान्याला कळवायचं ते असं: ‘श्वासाचा दर मिनिटाला चोवीस, श्वास उथळ, एका श्वासात पंचवीसवरून बारा, पापण्या पडलेल्या.’ पलीकडचा माणूस हे ऐकून व्हेंटिलेटर मोकळा करून ठेवतो. नुसतं ‘सॅच्युरेशन सत्त्याण्णव’ ऐकलं तर तो निवांत राहील.

शिवाय थंड बोटं, नेलपॉलिश, थरथर यांनी आकडा खोटा येतो. बंद खोलीतल्या शेगडीच्या धुराने कार्बन मोनॉक्साइड चढला असेल तर तो चांगला दिसतो आणि माणूस मरत असतो.

तापीकाठ

कापसाच्या फवारणीतली विषबाधा यातच धरा. तोंडाला फेस, घाम, डोळ्यांच्या टाचणीएवढ्या बाहुल्या आणि छातीभर खरखर. ‘दम लागलाय, ऑक्सिजन लावलाय’ असा निरोप गेला तर तिकडे दम्याचीच तयारी होईल. ‘स्राव खूप, सतत सक्शन लागतंय, बाहुल्या बारीक’ असं कळलं तर उताऱ्याच्या ॲट्रोपिनच्या अँप्युल फोडून ठेवलेल्या असतील.

केळीपट्टा

तुम्ही आवाजांवर भांडताय. ‘ऑक्सिजन लावलाय’ या निरोपातला खरा घोळ कोणी बोलतच नाही. कशाने लावलाय? किती लिटर? सिलिंडर किती वेळ पुरणार?

नाकातली नळी एक ते सहा लिटरची. साधा मास्क किमान पाच लिटरवर, नाहीतर सोडलेलाच श्वास परत आत जातो. पिशवीचा एनआरबी मास्क (सोडलेला श्वास परत आत येऊ न देणारा) दहा ते पंधरावर, आणि चेहऱ्यावर लावण्याआधी झडपेवर बोट दाबून पिशवी फुगवून घ्यायची. चपटी पिशवी लावून दोन लिटर सोडलेले असतात, फॉर्मवर ‘एनआरबी दिला’! त्या पेशंटला मोकळी हवा बरी.

हिशेब सोपा आहे. बी टाइपच्या सिलिंडरचं पाणी-माप, म्हणजे त्यात मावणारं पाणी, दहा लिटर, दीडशे किलो दाबाला दीड हजार लिटर ऑक्सिजन. दाबाचा काटा एकशेवीसवर असेल तर तळाचे वीस सोडून द्या. शंभर गुणिले दहा, हजार लिटर. पंधराने चालवलंत तर सहासष्ट मिनिटं, दहाने शंभर मिनिटं, नळीतून चारने चार तासांवर. पावसाळ्यात दरड आली आणि गाडी घाटात अडकली की ही मिनिटं कळतात.

पांझराकाठ

एनआरबी पंधरावरच चालवायचा. दहा लिटर ही कंजुषी आहे, आणि ती पेशंटच्या जिवावर होते.

केळीपट्टा

कंजुषी हा शब्द मागे घ्या. जोरात श्वास घेतानाही पिशवी चपटी होत नसेल तर दहा पुरेसे आहेत. चपटी होत असेल तर बारा, मग पंधरा. पिशवीकडे बघून लिटर ठरवा. धाप लागलेल्या धडधाकट माणसाला पंधराही कमी पडतील, हे मीच सांगतो. पण सॅच्युरेशन नव्याण्णवला पोचल्यावरही पंधरा सोडत राहणं म्हणजे पुढच्या वळणावर सिलिंडर संपवणं. चौऱ्याण्णव ते अठ्ठ्याण्णव हे लक्ष्य ठेवा आणि लिटर उतरवा.

गिरणाथडी

आणि सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट दम? आयुष्यभर चुलीच्या धुरात काढलेल्या बायका येतात. त्यांना दोन लिटरच्या वर दिलं की श्वासच थांबतो, असंच शिकवलंय.

अक्राणी

अर्धवट शिकवलंय, आणि त्यापायी लोक गुदमरतात. त्यांचं लक्ष्य अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव. सॅच्युरेशन सत्तरवर आलेल्या आजीला दोन लिटरवर ताटकळत ठेवणं हा गुन्हा आहे. आधी वर आणा, मग कमी करा. गुंगी येतेय का, श्वास मंदावतोय का, याकडे डोळा ठेवा, आणि मंदावला तर अँबू. मोठ्या माणसाला सहा सेकंदांना एक दाब, छाती उचलली की थांबायचं. घाबरून भराभर दाबली की पोट फुगतं, उलटी येते आणि पुन्हा सक्शनपासून सुरुवात.

पांझराकाठ

ठीक आहे. गॅस्पिंग आणि चार आवाज निरोपात हवेत, एवढं मान्य करतो. मण्यारीचं उदाहरण खोडता येत नाही. पण रिट्रॅक्शनचे प्रकार? बरगड्यांच्या मधलं, बरगड्यांखालचं, गळ्याच्या खाचेतलं! एवढी वर्गवारी घाटात कोणाच्या कामाची?

तापीकाठ

प्रकार सोडा, पण बाळाचा शर्ट वर करा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का एवढंच बघा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत साठ, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा त्याहून जास्त असेल तर तो वेगवान. आणि दम्याच्या पेशंटची शिट्टी थांबली, तो गुंगीत गेला, तर त्याला ‘बरा वाटतोय’ लिहू नका. हवाच आत जात नाही म्हणून शिट्टी थांबली आहे.

गिरणाथडी

श्वास मोजायला मिनिट देईन. पण केळीपट्टा, तुमच्या हिशेबात गळती धरलेलीच नाही. सकाळी काटा दीडशेवर, दुपारी कॉल आला तर नव्वद. मागणी करूनही वॉशर वेळेवर मिळत नाहीत, त्यावर बोला.

केळीपट्टा

बोलतो, कारण तक्रार खरी आहे. सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या पिन इंडेक्स जोडात बॉडोक वॉशर (गळती रोखणारी चकती) लागतो. तो कडक झाला, चिरला किंवा सिलिंडर बदलताना रस्त्यात पडला की गळती सुरू. त्याजागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा चिकटपट्टी अजिबात लावू नका, आणि तेल-ग्रीसचा हात तर जोडाजवळही नेऊ नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेटतं. दोन जादा वॉशर आणि चावी दोरीने सिलिंडरलाच बांधा.

ड्यूटी घेताना सिलिंडर सावकाश उघडा, फ्लोमीटर (लिटर ठरवतो तो) शून्यावर ठेवा, काटा बघा आणि सिलिंडर परत बंद करा. पाच मिनिटांत काटा उतरला तर गळती वॉशरला, रेग्युलेटरला किंवा फ्लोमीटरच्या जोडाला आहे. काटा उतरला नाही तरी फ्लोमीटर उघडून आतला दाब सोडून द्या. तो तसाच राहिला तर बंद सिलिंडरवरही दीडशेचा काटा दिसतो, आणि पुढच्या पाळीचा माणूस त्यालाच भरलेला समजतो.