रोजच्या गाडीला हँडलिंग पाहिजे आणि कंबर पण शाबूत पाहिजे, मग सुरुवात स्प्रिंगपासून नको

दुसरा_गिअर:
माझं मत सरळ आहे, लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारे आखूड, कडक स्प्रिंग) हा सगळ्यात शेवटचा खर्च आणि बहुतेकांना तो करावाच लागत नाही. माझी गाडी ९० हजार किमी झालेली, वळणात लोळायची, सरळ रस्त्यावर पण स्टिअरिंग सारखं सावरावं लागायचं, आणि मी इकडे कडक किट शोधत बसलेलो. शेवटी निघालं काय, तर पुढचे शॉकअप खराब झालेले आणि लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश फाटलेले. ओरिजिनल स्पेकचेच नवीन टाकले, अलाइनमेंट केली (चाकांचे कोन जुळवून घेतले), गाडी वळणात पण सुधारली आणि खड्ड्यात पण.

वळणवेडा:
याला मेंटेनन्स म्हणतात राव, हँडलिंग नाही. कंपनी मुद्दाम थोडा अंडरस्टिअर ठेवते, म्हणजे वळणात आधी पुढची चाकं बाहेर सरकतात, नवखा घाबरला तरी मागची बाजू सुटू नये म्हणून. नवीन शॉकअप टाकून तुम्ही फक्त शोरूममधून निघालेल्या दिवसावर परत आलात. मी ३५ मिमी खाली करणारे स्प्रिंग टाकलेत, बॉडी रोल, म्हणजे वळणात गाडीचं झुकणं, जवळपास गेलाच. थोडं कडक लागतं, सवय होते.

निवांत_चालक:
सवय चालवणाऱ्याला होते हो, मागे बसलेल्या आईला विचारा 😀

दुसरा_गिअर:
३५ मिमी खाली म्हणजे चाकाला वर दबायला तेवढी जागा कमी. भर वळणात खड्डा आला की सस्पेन्शन बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी थांब्यावर) आपटणार, ते चाक एकदम दगड होणार आणि गाडी बाजूला उडी घेणार. अजून एक, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) असेल तर गाडी खाली केल्यावर लोअर आर्म चाकाच्या बाजूला वर चढतो, त्यामुळे रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं, म्हणजे गाडीला झुकवणारी तरफ उलट लांब होते! तुमचा रोल गेला तो स्प्रिंग कडक आहे म्हणून, गाडी खाली आहे म्हणून नाही.

वळणवेडा:
रोल सेंटरचं असेल बरोबर. ओरिजिनल शॉकअपवर कडक स्प्रिंग टाकले तर गाडी उड्या मारते हे पण मान्य, मी सहा महिने तसंच चालवलं, मग मॅचिंग शॉकअप घेतले. पण स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते ते हाताला कळतं ना, ते कागदावर कुठून दिसणार.

दहाचा_पाना:
दोघं भांडताय आणि अँटी-रोल बारचं नाव नाही, म्हणजे डावं-उजवं चाक जोडून झुकणं कमी करणारी दांडी. फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर मागे थोडा जाड बार टाका. भरीव बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, २० चा २२ मिमी केला की जवळपास ४६ टक्के जास्त, म्हणून एकदम मोठी उडी मारू नका, ओल्या रस्त्यावर वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय उचललात तर मागची फिरेल. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं सोबत वर जातात तेव्हा बार मधे येत नाही, कम्फर्ट तसाच. एकाच चाकाखाली खड्डा आला तर मात्र दणका पलीकडे पण जातो आणि डोकी डावी-उजवी हलतात. फुकट काहीच नसतं.

निवांत_चालक:
आणि टायर? १९५/६५ आर१५ वरून २०५/५५ आर१६ वर गेलो होतो, बाहेरचा व्यास जवळपास तोच पण साईडवॉल (टायरची बाजूची भिंत) १२७ मिमीची ११३ झाली. स्टिअरिंग मस्त झालं, मग एका खड्ड्यात रिम वाकली. परत १५ वर आलो, फक्त टायर चांगल्या कंपाउंडचे घेतले, पकड मिळाली आणि कंबर पण वाचली. हवा गाडी थंड असताना दाराच्या स्टिकरप्रमाणे भरायची, यात कसलं मॉडिफिकेशन आलंय, पण निम्मे लोक तेवढंही करत नाहीत.

दहाचा_पाना:
@वळणवेडा स्प्रिंग टाकल्यावर अलाइनमेंट केली होती ना? उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा तिरपेपणा) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) दोन्ही हलतात.

वळणवेडा:
आत्ता खाली जाऊन बघून आलो. पुढच्या दोन्ही टायरची आतली कड तुळतुळीत झालीये. उद्याच अलाइनमेंटला टाकतो. स्प्रिंग काढणार नाही पण, सांगून ठेवतो.