स्किल पुरेसं नाही, काम पुढे रेटावं लागतं
वर कुणीतरी लिहिलंय की फ्रीलान्सरला लीडरशिप कशाला, स्किल असलं की प्रोजेक्ट आपोआप पार पडतो. मला नाही पटलं. माझे जे दोन प्रोजेक्ट फसले त्यात कोड ठीकच होता, पण क्लायंटकडचे तीन जण तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगत होते आणि शेवटचा शब्द कोणाचा हे मी पहिल्या दिवशी विचारलंच नव्हतं, मग चार पानांची साइट अकरा पानांची झाली आणि पैसे तेवढेच.

तेव्हापासून फिक्स्ड प्राइसचं, म्हणजे आधीच ठरलेल्या रकमेचं काम मी छोट्या माइलस्टोनमध्येच, म्हणजे टप्प्याटप्प्यानेच घेतो. अपवर्कवर (फ्रीलान्स कामं मिळतात ती वेबसाइट) त्या माइलस्टोनचे पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे क्लायंटने आधीच भरून साइटकडे राखून ठेवलेले दिसल्याशिवाय हात लावत नाही, आणि काम सबमिट केल्यावर क्लायंट १४ दिवस काहीच बोलला नाही तर पैसे आपोआप रिलीज होतात. हे बऱ्याच नवीन मुलांना माहीतच नसतं, ती चॅटवर फाइल पाठवून मोकळी होतात, सबमिटचं बटण दाबतच नाहीत, त्यामुळे ते दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, फार वाईट वाटतं बघून. शिवाय दर शुक्रवारी मी चार ओळींचा मेल टाकतो, काय झालं, काय अडलंय, कुठला निर्णय तुमच्याकडून हवाय. डिझाइन करणारी मैत्रीण सांगलीहून काम करते, तिलाही तोच मेल जातो.