मदत हवी आहे: बाबांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत

नमस्कार मंडळी,

फोंड्याहून लिहितेय. बाबा ७४ वर्षांचे. हाक मारली की लगेच ओ देतात, पण पुढचं बोलणं निसटतं. मासळीवाली 'साठ' म्हणते, हे 'आठ' ऐकतात आणि खूश होऊन पिशवी पुढे करतात! टीव्ही तर अख्ख्या वाड्याला ऐकू जातो.

कानातला मळ काढून झाला. ऑडिओग्रॅममध्ये (किती हळू आवाज ऐकू येतो त्याची तपासणी) उजवा ५५, डावा ६० डेसिबल, म्हणजे आवाज तेवढा मोठा झाला तरच ऐकू येतो. कानामागच्या हाडावर लावून करतात त्या चाचणीतही तेवढंच आलं. म्हणजे दोष आतल्या कानाचा, नसेचा. औषध-ऑपरेशनाने सुधारणार नाही, ऐकण्याचं मशीन लावा, असं डॉक्टर म्हणाले.

मशीन घेतलं, तेही एकाच कानाला. दुकानदाराने उभ्याउभ्या बसवून दिलं. बाबा ते लावून भजनाला गेले आणि पहिल्याच अभंगाला काढून खिशात टाकलं. टाळ कानात सुरीसारखे घुसतात म्हणे. आता दुकानदार जास्त चॅनेलचं (वेगवेगळ्या पट्टीचे आवाज वेगवेगळे जुळवता येणारं), महागडं घ्या म्हणतोय. विकणाऱ्याचा सल्ला, मला काही पटत नाही.

हेच मशीन नीट जुळवून मिळेल का? दोन्ही कानांना हवंच का? शिवाय नातेवाईक कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र) सुचवताहेत. पावसाळ्यात मशीन कसं जपता तेही सांगा.

प्रतिसाद:
ताई, आईचं अगदी असंच झालं होतं. इम्प्लांटचं डोक्यातून काढा. मशीन लावूनही बोलणं कळत नाही इतका बहिरेपणा असेल तर ते करतात. 'स', 'श' हे बारीक, उंच पट्टीचे आवाज वयोमानाने आधी जातात, म्हणून साठचं आठ होतं. टाळांचं म्हणाल तर नसेच्या दोषात हळू आवाज ऐकूच येत नाही, मोठा मात्र आपल्याइतकाच बोचतो. मशीनमधून येणाऱ्या आवाजाची वरची मर्यादा खाली आणावी लागते. ते काम ऑडिओलॉजिस्टचं, म्हणजे ऐकणं तपासून मशीन जुळवणाऱ्या तज्ज्ञाचं. रिपोर्ट आणि मशीन घेऊन बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कान-नाक-घसा विभागात दाखवा, शब्द ओळखण्याची चाचणीही करून मागा. मशीनचा किती उपयोग होईल याचा अंदाज त्या चाचणीतूनच येतो.

दोन्ही कान सारखेच अधू असतील तर दोन्हींना लावलेलं बरं, चार माणसांत बोलणं समजायला सोपं जातं. आधी घरात, टीव्ही बंद करून थोडा थोडा वेळ लावू दे. सवय व्हायला काही आठवडे जातात, भजन सगळ्यात शेवटी. रात्री सेलचं झाकण उघडून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. आणि कधी एखाद्या कानाचं ऐकणं एकाएकी गेलं तर मळ असेल म्हणून वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यात स्टिरॉइड लवकर सुरू झालं तरच फायद्याची आशा जास्त.