दातावरच्या रेघा मोजून वय काढणारे क्रिस्टोफर डीन, कोणी वाचलंय का यांचं काम?

प्रश्न (दंतकथा_०७):
नमस्कार मंडळी, मी बीडीएस फर्स्ट इयरला आहे. गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकलला काढलेली एक दाढ दगडावर घासून घासून ग्राउंड सेक्शन (दाताचा पातळ काप) केला, अंगठ्याची कातडी गेली पण शेवटी मायक्रोस्कोपखाली इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरात, तपकिरी तिरक्या रेघा दिसल्या आणि मी बघतच राहिले. मग या रेघांबद्दल (यांना रेट्झियस रेघा म्हणतात) शोधता शोधता युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये अॅनाटॉमीचे प्रोफेसर राहिलेले क्रिस्टोफर डीन यांच्यापर्यंत पोचले, त्यांनी म्हणे याच रेघा लाखो वर्षं जुन्या दातांत मोजल्या. पण रेघ मोजून वय कसं काय ठरतं, आणि त्यावर विश्वास का ठेवायचा, हे कोणी नीट समजावेल का?

सुळा:
ताई, झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखंच आहे, फक्त इथे हिशोब वर्षांचा नाही तर दिवसांचा. इनॅमल बनवणाऱ्या पेशी रोज थोडा थर टाकतात आणि प्रत्येक दिवसाची एक बारीक आडवी खूण राहते, तुला दिसल्या त्या तिरक्या रेघा त्याहून ठळक, माणसात साधारण 6 ते 12 दिवसांनी एक, बहुतेकांत 8 किंवा 9. दोन रेघांमधल्या दिवसांच्या खुणा मोजल्या की त्या माणसाचा आकडा कळतो आणि तोच त्याच्या बाकीच्या पक्क्या दातांनाही लागू पडतो. याच रेघा दाताच्या पृष्ठभागावर येतात तिथे बारीक लाटा दिसतात, त्यांना पेरिकायमाटा म्हणतात. घरात सात-आठ वर्षांचं पोर असेल तर नुकत्याच आलेल्या पटाशीच्या दातावर बाजूने टॉर्च धरून बघ, नुसत्या डोळ्यांनी दिसतात.
आणि पहिल्या पक्क्या दाढेचं इनॅमल जन्माच्या आसपासच बनायला लागतं, त्यामुळे तिच्यात बहुतेक वेळा जन्माची रेघसुद्धा असते. म्हणजे मोजणी शून्यापासून करता येते, अंदाज लावत बसायला नको. 1963 सालीच अॅलन बॉइड यांनी याच पद्धतीने जुन्या सांगाड्यातल्या मुलाचं वय काढलं होतं.

माती_आणि_हाडं:
वरचं सगळं बरोबर, पण डीन यांनी नेमकं काय उलटवलं ते सांगायलाच हवं. दक्षिण आफ्रिकेत 1924 साली चुनखडीच्या खाणीत टाउंगचं बाळ, म्हणजे माणसासारख्या एका प्राचीन जीवाच्या मुलाची कवटी, सापडलं, त्याची पहिली पक्की दाढ नुकती आलेली, आपल्या मुलांत ती सहाव्या वर्षी येते म्हणून त्याचं वय सहा धरलं गेलं. म्हणजे आपलंच वेळापत्रक त्याच्यावर लादलं! 1985 मध्ये टिमथी ब्रोमेज आणि डीन यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की त्याच टप्प्यावरच्या प्राचीन मुलांच्या पटाशीच्या दातांवरच्या लाटा मोजल्या तर वय तीन वर्षांच्या थोडंसंच पुढे येतं, जवळपास चिंपांझीसारखं. मग 2001 चा पेपर, त्यात होमो इरेक्टस या प्राचीन मानवाचंसुद्धा इनॅमल आपल्यापेक्षा भराभर बनत होतं असं निघालं. केनियात तुर्काना सरोवराजवळ 1984 साली सांगाडा मिळालेला याच इरेक्टसचा मुलगा, उंची 160 सेंटिमीटरच्या आसपास, हाडं बघून 13 वर्षांच्या आसपासचा वाटायचा, दातांच्या रेघांवरून तो आठेक वर्षांचाच निघाला. मला तर हे वाचून त्या पोराबद्दल फार वाईट वाटलं. आपल्याला जे लांबलचक बालपण मिळतं ते त्यांना नव्हतं, आणि हे कळलं ते कुणीतरी वर्षानुवर्षं चिकाटीने रेघा मोजत बसलं म्हणून.

दंतकथा_०७:
बापरे, आठ वर्षांचा! खूप आभार दोघांचे. आपल्याकडे असं काम होतं का कुठे?

घोडकाठ:
होतं की, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला ताम्रपाषाण काळातली वस्ती खणली, तिथे लहान मुलांना दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून घराच्या जमिनीखालीच पुरत. त्या मुलांच्या दुधाच्या दातांवर डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाक्स यांनी काम केलंय, दुधाच्या सुळ्यावर बाहेरच्या बाजूने छोटासा खळगा दिसतो, तिथे इनॅमल नीट बनलेलं नसतं, म्हणजे ते बनत असताना बाळाची कुठेतरी आबाळ झालेली. तू दात ओळखायला शिकतेच आहेस, सोबत पुरातत्त्वाचं वाचायला लाग, दोन्ही जमणारी माणसं फार थोडी आहेत.

दंतकथा_०७:
वाचतेच. उद्या तीच स्लाइड परत लावते, या वेळी मोठ्या भिंगाखाली दोन रेघांमधले दिवस मोजून बघते, आकडा आला की इथेच टाकते.