जपानी लिलावातली जुनी पेनं: प्रॉक्सी निवडताना फी बघायची की गोदाम?

दौतवाला (शुक्रवार, रात्री १०:१४)

गेल्या आठवड्यात दोघांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले, दोन्हींत प्रश्न एकच: जपानच्या याहू लिलावातून जुनं शाईपेन घ्यायचंय, सगळ्यात स्वस्त प्रॉक्सी कुठली? उत्तर लांबत गेलं म्हणून धागाच काढतो.

नवख्यांसाठी थोडक्यात: तिथे बोली लावायला जपानी मोबाइल नंबराचं खातं लागतं, आणि बहुतेक विक्रेते देशाबाहेर काही पाठवत नाहीत. म्हणून हा मधला माणूस, म्हणजे प्रॉक्सी. तो आपल्या वतीने बोली लावतो, वस्तू स्वतःच्या गोदामात मागवतो, तिथून आपल्याला रवाना करतो. बायी, झेनमार्केट, फ्रॉम जपान ही नावं बहुतेकांनी ऐकलेली असतील. फी वस्तूमागे साधारण ३०० ते ५०० येन, आणि सगळ्यांची तुलना नेमकी तिथेच अडकते.

माझं मागचं बिल देतो. सत्तरच्या दशकातलं पायलट एलिट, खिशात मावणारं आखूड मॉडेल. बोली ४,२०० येन. फी ५००. विक्रेत्याकडून गोदामापर्यंत लेटरपॅकचे (जपानी टपालाच्या ठरावीक दराच्या पाकिटाचे) ६००. गोदामातून ईएमएसने, म्हणजे टपालाच्या जलद सेवेने, १,९००. एकूण ७,२०० येन, म्हणजे सव्वाचार हजार रुपयांच्या आतबाहेर. वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क, त्यावर जीएसटी, आणि कस्टमचं वेगळंच. यात फीवर दोनशे येन वाचवलेत तर एक मिसळ सुटली. बस.

आता माझा मुद्दा. जपानी पद्धतीत विक्रेत्याला पैसे लगेच मिळत नाहीत. घेणाऱ्याने ‘माल मिळाला’ असं कळवलं की मग ते सुटतात. मर्कारी या जुन्या वस्तूंच्या जपानी साइटवरही तसंच: तुम्ही गुण दिलेत की व्यवहार संपला. पण हे कळवतो कोण? प्रॉक्सी. पेन त्यांच्या गोदामात पोचलं की बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत. तुमच्या हातात ते तीन आठवड्यांनी येतं तेव्हा भांडायला समोर कुणी उरलेलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी पायलट म्यू ७०१ घेतलं होतं. १९७१ चं, सबंध पोलादी, आणि टाक (निब) पकडीच्याच पत्र्यातून काढलेला. तो बिघडला तर बदलता येत नाही, पेनच बदलायचं. विक्रेत्याच्या मजकुराचं यंत्राने केलेलं भाषांतर ‘वापराच्या खुणा’ म्हणत होतं. प्रॉक्सीने गोदामात फोटो काढला, तो बुडबुड्यांच्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या पेनाचा! घरी आल्यावर भिंगाखाली पाहिलं तर टाकाची उजवी पाकळी डावीपेक्षा केसभर वर. कागदावर टेकवला की ‘श’च्या गाठीत अडकतो. तक्रार केली तर उत्तर आलं, व्यवहार चोवीस दिवसांपूर्वी बंद झालाय.

म्हणून फी विसरा. गोदामात पेन उघडून टाकाचा जवळून फोटो देतात का, आणि विक्रेत्याला जपानीत प्रश्न विचारायला तिथे माणूस बसलाय का, ते बघा. त्यासाठी वरचे पाचशे येन गेले तरी मी देईन.

(रविवारी संध्याकाळी एका लॉटचा, म्हणजे एकत्र विकायला काढलेल्या पेनांचा, लिलाव संपतोय, त्यात डोकं आहे. उत्तरांना उशीर झाला तर राग नको.)

हिशोबनीस (शुक्रवार, रात्री ११:०२)

साफ असहमत. तुम्ही एकेक पेन घेता म्हणून फी चिल्लर वाटते. मी ८०० येनवाली बारा घेतो, दुरुस्त करतो, मित्रांत वाटतो. बोलींचे ९,६००. फी ५०० असेल तर ६,०००, ३०० असेल तर ३,६००. मालाच्या किमतीचा पाव हिस्सा नुसता फीच्या फरकात गेला, आणि तुम्ही मिसळ मोजताय.

तीच गत साठवणुकीची. कुणी तीस दिवस फुकट ठेवतं, कुणी पंचेचाळीस. बारा पेनं जमायला मला दीड महिना लागतो, त्यामुळे तीसवाल्याकडे शेवटच्या दोन आठवड्यांचं भाडं पडतं. सगळी एका खोक्यात घालायचे काहीजण वेगळे पैसे घेतात, काही घेत नाहीत. हा हिशोब डोळ्यांसमोर मांडता येतो. ‘माणूस चांगला आहे का’ हे कसं मोजणार? एकदा ‘तपासणी सेवा’चे पैसे भरून पाहिले. अहवाल आला: वस्तू एक, रंग काळा, वर्णनाशी जुळते. काळी आहे हे मला दिसत होतं हो.

दौतवाला (शुक्रवार, रात्री ११:२०)

बारा पेनांचा हिशोब मान्य. मात्र तुमचा माल मुळातच दुरुस्तीला घेतलेला, वाकडा निघाला तरी तुमचं काही बिघडत नाही. आणि ‘तपासणी’ नावाच्या त्या प्रकाराबद्दल मीही बोलत नाहीये. मी ‘टाकाचा, वरून आणि बाजूने’ असं लिहून मागवतो. पायलटच्या जुन्या टाकावर कोरलेलं असतं, उदाहरणार्थ एच ८७२, म्हणजे हिरात्सुका कारखाना, ऑगस्ट १९७२. हे आकडे फोटोत वाचता आले तर फोटो कामाचा, नाहीतर परत काढायला सांगतो.

बोरूबहाद्दर (शनिवार, सकाळी ७:४८)

दोघेही चुकताय. प्रॉक्सी हवीच कशाला?

ईबेवर जपानी विक्रेते ढिगाने आहेत. इंग्रजीत वर्णन, टाकाचे आठ फोटो, थेट डोंबिवलीला पार्सल. वर्णनाप्रमाणे नसेल तर तीस दिवसांत पैसे परत मागता येतात, आणि ते दिवस माल माझ्या हातात पडल्यापासून मोजतात, कुठल्या गोदामात पडल्यापासून नाही. दौतवाल्यांची अख्खी तक्रार इथेच मिटली.

हिशोबनीस (शनिवार, सकाळी ९:१५)

मिटली, पण केवढ्याला? दौतवाल्यांच्या एलिटसारखंच एक मी तिकडे पाहिलं, १४,००० येनच्या घरात होतं. शिवाय त्यातले काहीजण माल जवळ न ठेवताच यादी टाकतात. तुम्ही पैसे भरलेत की याहूवरून उचलायचं आणि तुम्हाला धाडायचं. म्हणजे प्रॉक्सीच की, फक्त फी सांगितलेली नाही.

बोरूबहाद्दर (शनिवार, सकाळी ९:३१)

असेना. त्या फरकात मला रात्री झोप लागते. तुम्ही बसा संध्याकाळी साडेसहाला, तिकडे दहा वाजताना, फोनला नाक लावून.

कोरा_कागद (शनिवार, दुपारी १:०५)

नमस्कार, मी नवीन आहे. दोन बाळबोध प्रश्न. (१) चुलतबहीण टोकियोत आहे, तिच्याच पत्त्यावर मागवलं तर? (२) प्रॉक्सीला ‘गिफ्ट’ लिहायला किंवा किंमत कमी दाखवायला सांगितलं तर कस्टम वाचतं म्हणे?

टपालहशील (शनिवार, दुपारी २:४०)

दुसऱ्या प्रश्नाला हात जोडून: नको.

भारतात पोस्टाने किंवा कुरिअरने ‘भेट’ म्हणून माल शुल्क न भरता सोडवून घेणं १२ डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. सवलत फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला. राखीलाच, सोबतच्या ओवाळणीला नाही! तुमचं पेन काही राखी नव्हे. आणि किंमत कमी लिहिलीत तर पार्सल हरवल्यावर विम्याचे पैसेही तेवढेच मिळतात. वीस हजारांचं पेन दोन हजारांचं म्हणून गेलं, तर दोन हजार घेऊन गप्प बसायचं.

वर कुणीच न काढलेला मुद्दा सांगतो. शुल्क नुसत्या पेनाच्या किमतीवर लागत नाही. किंमत, विमा आणि वाहतूक यांच्या बेरजेवर लागतं, आणि मग शुल्क धरून झालेल्या रकमेवर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. म्हणजे महागडं कुरिअर निवडलंत की त्या कुरिअरवरही कर भरलात. मी प्रॉक्सी निवडतो ती ईएमएस आणि बोट दोन्हींचा पर्याय देते का ते बघून. बोटीला दोन-तीन महिने लागतात. पन्नास वर्षं थांबलेल्या पेनाला तीन महिन्यांचं काय?

माझी पार्सलं बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनातून सुटतात. पोस्टमनकाका शुल्काची पावती घेऊन दारात येतात आणि दर वेळी विचारतात, ‘साहेब, इथे पेन मिळत नाहीत का?’

निशिकसाईकर (शनिवार, दुपारी ४:२२)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण ती चुलतबहीण मीच आहे. म्हणजे तुमची नव्हे, इतर कैकांची. इथे टोकियोतल्या निशिकसाईत भारतीय पुष्कळ, आणि प्रत्येकीला पेनवेडा, कॅमेरावेडा नाहीतर खेळण्यांतल्या रेल्वेगाड्यांचा वेडा एक तरी नातेवाईक आहे.

मी ऑफिसात असताना पार्सल येतं, दारात चिठ्ठी टाकून जातात, मग परत आणायची वेळ ठरवायची. ‘मिळालं’ म्हणून कळवायचं मी, आणि टाक वाकडा निघाला तर विक्रेत्याशी अदबीच्या जपानीत वाद घालायचा तोही मीच. ती जपानी मला ऑफिसातही घाम फोडते. भाऊजींच्या एका पेनासाठी चार रात्री निरोप लिहीत बसले होते. परत मिळाले ९०० येन. प्रॉक्सीची ५०० येन फी महाग वाटणाऱ्यांनी बहिणीच्या चार रात्रींचा भाव काढावा.

तरी दौतवाल्यांशीही पूर्ण सहमत नाही. अर्धी भांडणं गोदामात पोचायच्याही आधी टळतात, मजकूर नीट वाचला तर. ‘जंकु’ असं लिहिलं असेल तर वस्तू मोडकीच असते असं नाही. विक्रेता कशाचीच हमी देत नाही एवढाच अर्थ. ‘गेंजोहिन’ म्हणजे आहे तशी. आणि ‘दोसा मिकाकुनिन’ म्हणजे चालतंय का ते तपासलेलं नाही. डोशाशी संबंध नाही, मीही पहिल्यांदा हसले होते. यातला एक जरी शब्द असेल तर जगातली कुठलीच प्रॉक्सी तुमच्या बाजूने भांडणार नाही, टाकाचे चाळीस फोटो काढलेत तरी.

दौतवाला (शनिवार, रात्री ९:५०)

हे पटलं. माझ्या म्यूच्या मजकुरात ‘गेंजोहिन’ होतं, आत्ता जुना स्क्रीनशॉट काढून पाहिला. भाषांतरात त्याचं ‘सध्याचे उत्पादन’ झालं होतं. मी ते ‘अजून बनतंय’ असं वाचलं.

पण फोटोचा हट्ट सोडत नाही. एवढं कळल्यावर माणूस असलेली प्रॉक्सी आणखीच हवीशी वाटते.

हिशोबनीस (शनिवार, रात्री १०:०८)

हा शब्द वाचायला माणूस नको, निशिकसाईकर ताईंचा वरचा परिच्छेद पुरे. तो मी उतरवून घेतलाय. फुकट.

हिशोबनीस (रविवार, सायं. ६:२४)

विषयांतर. ‘मातोमेते’ लिहिलेला एक लॉट बघतोय, सात पेनं एकत्र. एकावर कुणाचं तरी नाव कोरलंय, म्हणून भाव पडेल वाटलं होतं. आठ मिनिटं राहिलीत आणि कुणीतरी उगाच चढवतंय. ११,५०० झाले.

दौतवाला (रविवार, सायं. ६:२६)

सात पेनं? निळ्या मखमलीच्या डबीत? डावीकडून तिसरं पोलादी?

हिशोबनीस (रविवार, सायं. ६:२७)

अहो तुम्ही आहात होय!

दौतवाला (रविवार, सायं. ६:२९)

थांबा, थांबा. पोलादी मला, बाकी सहा तुम्हाला. माझ्याकडूनच जाऊ दे, टाकाचे फोटो मागवतो.

हिशोबनीस (रविवार, सायं. ६:३०)

माझ्याकडून जाऊ दे, फी कमी आहे.

बोरूबहाद्दर (रविवार, सायं. ६:३१)

🍿

दौतवाला (रविवार, सायं. ६:३४)

शेवटच्या पाच मिनिटांत बोली पडली, वेळ पाच मिनिटांनी वाढली. १३,५००. मी थांबलोय. तुम्ही आता लावू नका.

हिशोबनीस (रविवार, सायं. ६:३५)

मी ६:२८ पासून लावलेलीच नाही.

दौतवाला (रविवार, सायं. ६:४१)

संपला. १४,००० ला गेला. मग हा कोण?

कोरा_कागद (रविवार, सायं. ६:४३)

काका, बहुतेक मी. इथला धागा वाचून काल खातं काढलं. तुम्ही दोघं इतकं बोलत होतात म्हणून निळ्या डबीवाला शोधून बघितला. आता हिरवं काहीतरी आलंय, आणि तीस तासांत पैसे भरा म्हणतंय. प्रॉक्सी कुठली ते बघावं लागेल, जी पहिली दिसली तिच्यावर दाबलं होतं.