मदत हवी आहे: पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ब्लूम इंडेक्स लावला, तरी शोध रखडतोय

मंडळी, नमस्कार. आमची दोन माणसांची छोटी कंपनी आहे. लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिक मालाच्या होलसेलवाल्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर देतो. डेटाबेस मी बघतो, म्हणजे कुणीतरी बघायला हवा म्हणून.

बिलाच्या ओळींचं टेबल आता ४ कोटी रोंवर गेलंय, साधारण ५ जीबी. पोस्टग्रेस १५, एसएसडी, १६ जीबी रॅम. 'जुनं बिल शोधा' या स्क्रीनवर नऊ खाने आहेत: पार्टी, आयटम, बॅच, ड्रम (वायरचं रीळ) नंबर, एलआर (ट्रान्सपोर्टची पावती), गाडी नंबर, पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर, रंग, गोडाऊन. काउंटरवरचा माणूस फोन मानेत धरून उभा असतो, पलीकडून कुणीतरी ओरडत असतं, "अहो, ती अडीच एमएमची हिरवी, तो अर्धा ड्रम नेला होता, रेट काय लावला होता?" त्याला जे ऐकू येईल ते तो भरतो. कधी आयटम आणि रंग, कधी नुसता ड्रम नंबर. कुठली जोडी येईल याचा नेम नाही. सगळीकडे तुलना मात्र 'बरोबर'चीच, कमी-जास्त कुठे नाही.

सगळ्या कॉलमांचा मिळून एक बी-ट्री (नेहमीचा, क्रमाने लावलेला इंडेक्स, म्हणजे शोधसूची) आधी होता. पहिला कॉलम पार्टीचा. पार्टी भरली नाही की तो शोभेला. म्हणून ब्लूम हे एक्स्टेन्शन (जोड-साधन) टाकलं आणि आठ कॉलमांवर एकच इंडेक्स केला, सेटिंग होती तशीच ठेवून. साइज ६१० एमबी आली, खूश झालो. पण नुसता ड्रम नंबर टाकला की अजूनही ११-१२ सेकंद. इंडेक्स नसताना १४ लागत होते. प्लॅनर (कुठल्या मार्गाने शोधायचं हे ठरवणारा भाग) इंडेक्स घेतोय, रँडम पेज कॉस्ट (विखुरलेली पानं वाचण्याचा धरलेला खर्च) मी आधीच ४ वरून १.१ केलाय. एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझच्या अहवालात 'रोज रिमूव्हड बाय इंडेक्स रीचेक' (खात्री करून गाळलेल्या रो) या ओळीत आकडा दहा लाखांवर दिसतो. मिळतात ४० रो. हे काय गौडबंगाल आहे?

दुसरं, नववा कॉलम म्हणजे एलआर नंबर, तो बिगइंट (मोठा पूर्णांक) आहे. तो घालायला गेलो की डिफॉल्ट ऑपरेटर क्लास (त्या प्रकारच्या डेटाची तुलना कशी करायची याचे नियम) नाही म्हणून एरर येते.

जुना_डीबीए: गौडबंगाल काही नाही, ब्लूमचा स्वभावच तो आहे. गणपतीत हाऊजी खेळता ना? समजा प्रत्येक रोला ८० चौकोनांचं एक तिकीट दिलंय. प्रत्येक कॉलम आपल्यातल्या मजकुराचा हॅश (त्यावरून ठरणारा आकडा) काढून दोन चौकोन खोडतो. आठ कॉलम, म्हणजे सोळा चौकोन. तुम्ही ड्रम नंबर विचारलात की पोस्टग्रेस त्याचे दोन चौकोन काढतं आणि ते दोन्ही खोडलेली तिकिटं बाजूला काढतं. पण ते चौकोन दुसऱ्याच कॉलमांनी खोडलेले असू शकतात. खरी रो कधी सुटत नाही, खोट्या मात्र घुसतात, म्हणून टेबलात जाऊन खात्री करावी लागते. तीच रीचेकची ओळ.

हिशेब मांडा. बाकीच्या सात कॉलमांचे चौदा चौकोन. एखादा ठरावीक चौकोन त्यात असण्याची शक्यता साधारण १६ टक्के, दोन्ही असण्याची अडीच टक्क्यांवर. ४ कोटींचे अडीच टक्के म्हणजे दहा लाख, तुमचा आकडा बरोबर आला. आता ५ जीबीचं टेबल ८ केबीच्या पानांत टाका: एका पानावर साठेक रो. म्हणजे सरासरी प्रत्येक पानावर दीडेक खोटी रो! इंडेक्स वापरूनही तुम्ही पाचातली चार पानं वाचताय. प्लॅनरला या खोट्या रोंचा अंदाज नसतो, तो ४० रो धरून खूश.

कॉफी_कमी_चहा_जास्त: रंग आणि गोडाऊन आधी काढा हो त्यातून. गोडाऊन किती आहेत, तीन? प्रत्येक तिकिटावर तेच ते चौकोन खोडले जातात, आणि ज्या ड्रम नंबरचे चौकोन नेमके तिथे पडतात त्यांचा शोध हमखास बिघडतो. फायदा शून्य, गर्दी मात्र केली.

जुना_डीबीए: सहमत. आणि लेंग्थ (तिकिटावरचे चौकोन) १६० करा, प्रत्येक कॉलमचे बिट (तो खोडतो ते चौकोन) २ वरून ४ वर न्या. दोन्ही एकत्र. नुसते बिट वाढवले तर तिकीट भरून जाईल. लेंग्थ वाढली की किंमत साइजमध्ये मोजावी लागते: एका रोला ६ बाइट पत्ता आणि १० बाइट सही (म्हणजे तिकीट) असे १६ लागत होते, ते आता २६ होतील. ४ कोटींना जवळपास १ जीबी. हे रॅममध्ये मावलं पाहिजे, कारण ब्लूम इंडेक्स प्रत्येक वेळी अथपासून इतिपर्यंत वाचला जातो, बी-ट्रीसारखी उडी नाही. क्वेरीत 'इन' लावून एका खान्यासाठी पाच पर्याय दिलेत तर पाच वेळा वाचेल, तेवढं ध्यानात ठेवा.

बिगइंटचं: या एक्स्टेन्शनमध्ये फक्त इंटिजर आणि टेक्स्टचे ऑपरेटर क्लास येतात. हॅशइंट८ फंक्शन देऊन स्वतःचा क्लास करता येतो, पण त्याला सुपरयुजर लागतो. पण मी म्हणतो, एलआर ब्लूममध्ये हवाच कशाला? जवळपास एकमेव असलेला नंबर, त्याला साधा बी-ट्री लावा.

परळचा_पोऱ्या: मग सगळ्यांनाच वेगवेगळे बी-ट्री का नकोत? बिटमॅप अँडने (अनेक इंडेक्सांतले समान निकाल काढून) पोस्टग्रेस ते जोडून घेतं, आणि व्हर्जन १३ पासून बी-ट्रीत डुप्लिकेट एकत्र होतात, साइजही पूर्वीइतकी होत नाही. ब्लूम दिसायला भारी, पण माझ्या मते दहापैकी आठ जण उगाच लावतात.

(मूळ धागाकर्ता) : परळकर, मुद्दा पटला म्हणून डेटाबेसच्या कॉपीवर करून पाहिलं. शोधाला तुमचेच सहा बी-ट्री सरस, वादच नाही. पण रात्री सगळ्या दुकानांचा दिवसभराच्या बिलांचा डेटा एकत्र चढतो, तेव्हा प्रत्येक ओळीमागे सहा झाडं हलवायची. आमच्या मशीनवर ते काम सकाळी शटर उघडेपर्यंत संपेना. एक ब्लूम आणि एलआरचा एक बी-ट्री यात ते वेळेत उरकतं.

जुना_डीबीए: हे कारण खरं. नलचं (रिकाम्या खान्यांचं) मात्र बघा. 'पीओ नंबर रिकामा असलेली बिलं दाखवा' असला शोध असेल तर ब्लूम त्यात काही करू शकत नाही. त्यावर युनिकची (तोच नंबर दुसऱ्यांदा येऊ न देण्याची) अटही लावता येत नाही.

(मूळ धागाकर्ता) : अपडेट देतो. रंग आणि गोडाऊन काढले, सहा कॉलम, १६० आणि ४. रीचेकमध्ये दहा लाखांऐवजी आठ हजारांच्या आसपास. नुसता ड्रम नंबर आता सव्वा सेकंदात, आयटम आणि बॅच मिळून टाकलं तर सेकंदाच्या आत. रिकाम्या पीओचा शोध कुणी मागितलेला नाही, मागू नये ही इच्छा.

काल शेठना दाखवायला गेलो. खुर्ची ओढून बसले, चष्मा चढवला आणि सगळे खाने सोडून फक्त रंगात 'लाल' टाकून एंटर मारला. चौदा सेकंद आम्ही दोघं गोल फिरणारं चक्र बघत होतो. आज सकाळपासून नुसता रंग किंवा नुसतं गोडाऊन भरलं तर शोधाचं बटण चालूच होत नाही.